वैमानिक जातात की पळविले जातात?

कॅनडातील माँट्रियल येथे सप्टेंबर २०२५ च्या अखेरीस आंतरराष्ट्रीय नागरी विमान वाहतूक संघटनेचे अधिवेशन भरले. त्यासाठी भारत सरकारने जे निवेदन धाडले, त्यात एक गाऱ्हाणे होते. परदेशांतील विमान कंपन्या आमचे अनुभवी वैमानिक व तंत्रज्ञ एकामागून एक उचलून नेतात, त्यामुळे आमच्या विमान वाहतुकीच्या वाढीला खीळ बसते, सबब सभासद राष्ट्रांनी या बाबतीत काही आचारसंहिता पाळावी, असा त्याचा आशय होता. हे गाऱ्हाणे खोटे आहे असे आम्ही म्हणत नाही. मुंबईत वा दिल्लीत अनेक वर्षे मुरलेला कप्तान दुबईच्या किंवा दोहाच्या कंपनीत रुजू होतो, तेव्हा त्याची जागा चार-सहा महिन्यांत भरून काढता येत नाही, हे कोणीही जाणता मनुष्य मान्य करील. तथापि गाऱ्हाणे घेऊन सातासमुद्रांपलीकडे जाण्यापूर्वी सरकारने आपल्याच घरात एकदा डोकावून पाहिले असते, तर बरे झाले असते. वैमानिक पळविले जातात असे म्हणणे सोपे आहे. ते का जातात, हा प्रश्न अधिक अडचणीचा आहे, आणि त्याचे उत्तर माँट्रियलला सापडण्यासारखे नाही.

या प्रश्नाचे मूळ केवळ वेतनात आहे अशी सर्वसाधारण समजूत दिसते. आमच्या मते ते त्याहून बरेच मागे, आकाशाच्या वाटणीत आहे. १९४४ च्या शिकागो कराराने प्रत्येक राष्ट्राचे आपल्या भूमीवरील आकाशावरचे संपूर्ण स्वामित्व मान्य केले. त्यामुळे एका देशाच्या कंपनीने दुसऱ्या देशात आठवड्याला किती फेऱ्या कराव्यात, किती आसने आणावीत, हे दोन सरकारे समोरासमोर बसून ठरवितात. भारत व दुबई यांच्यामधील करार हा त्या दोहोंमध्ये ये-जा करणाऱ्या उतारूंसाठी, असा त्याचा भाबडा अर्थ. परंतु दुबईला उतरणारा प्रत्येक उतारू दुबईला जाणारा नसतो. मुंबईहून निघालेला आमचा प्रवासी तेथे दोन-तीन तास काढतो आणि त्याच कंपनीच्या दुसऱ्या विमानाने लंडनला किंवा न्यूयॉर्कला जातो. एमिरेट्स ही कंपनी १९८५ मध्ये पाकिस्तानच्या सरकारी विमान कंपनीकडून विमाने भाड्याने घेऊन सुरू झाली. कराची व मुंबई ही तिची अगदी आरंभीची ठिकाणे. त्या वेळी दुबईची लोकसंख्या चार लाखही नव्हती. एवढ्या लहान संस्थानाने जगातील एक प्रचंड विमान कंपनी उभी केली, ती दुसऱ्यांच्या उतारूंवर आणि दुसऱ्यांच्या वैमानिकांवर. यात आम्ही त्यांना दोष देत नाही. त्यांनी आपला स्वार्थ ओळखला, एवढेच.

प्रश्न आहे तो आम्ही आपला स्वार्थ ओळखला की नाही हा. आखाती राज्यांना भारताने सढळ हाताने दिलेल्या आसनांबद्दल नियंत्रक व महालेखापरीक्षकांनी २०११ च्या अहवालात कठोर शब्द वापरले होते. त्याचा परिणाम काय झाला? २०१३ मध्ये अबू धाबीच्या एतिहाद कंपनीने जेट एअरवेजचे २४ टक्के भाग घेतले, आणि त्याच सुमारास अबू धाबीच्या वाट्याची साप्ताहिक आसने सुमारे १३ हजारांवरून टप्प्याटप्प्याने ५० हजारांपर्यंत नेण्याचे ठरले. २०१४ मध्ये दुबईची आसने ६६ हजारांच्या आसपास गेली. पुढे सरकारने हात आखडता घेतला खरा, पण तोवर गंगेला बरेच पाणी वाहून गेले होते. उतारू आम्हीच त्यांच्या हवाली केले. मग त्यांना वाहून नेणारा मनुष्यही त्याच वाटेने गेला, तर त्यात नवल कसले?

भरीस भर म्हणून एप्रिल २०२५ मध्ये पाकिस्तानने आपले आकाश भारतीय विमानांना बंद केले. परकीय कंपन्यांना ते मोकळे राहिले. युरोप-अमेरिकेला जाणाऱ्या आमच्या विमानांना वळसा घालून जावे लागले, काहींना इंधनासाठी मध्येच उतरावे लागले, आणि प्रवास लांबला म्हणून एकेका फेरीला अधिक वैमानिक द्यावे लागले. म्हणजे उतारू तेवढेच, भाडे स्पर्धेमुळे बांधलेले, आणि खर्च मात्र वाढलेला. अशा कंपनीला वैमानिकाचे वेतन वाढविणे जड जाते, हे आम्हाला कळते. पण कंपनीची अडचण खरी असली म्हणून ती वैमानिकाच्या खिशातून भागवावी, असे मात्र ठरत नाही.

आखाती कंपन्या काय देतात, हे आता गुपित राहिलेले नाही. तेथे वेतनावर आयकर नाही. राहण्याची सोय अथवा तिच्यासाठी भत्ता, मुलांच्या शाळेचा खर्च, आणि मोठ्या विमानांवर लांब पल्ल्याची उड्डाणे. आमच्याकडे वरच्या वर्गातील मिळकतीवर तीस टक्के कर, त्यावर उपकर. कागदावरचा आकडा सारखा असला तरी महिनाअखेर हातात पडणारी रक्कम सारखी नसते. तरीही आमचे असे मत आहे की केवळ पैशासाठी मनुष्य आपले गाव, म्हातारे आईबाप आणि बोलीभाषा सहजासहजी सोडीत नाही. त्याला आणखी काहीतरी ढकलीत असते. किंगफिशरची विमाने ऑक्टोबर २०१२ मध्ये जमिनीवर आली, त्यापूर्वी कित्येक महिने तिच्या वैमानिकांना वेतन मिळाले नव्हते. जेट एअरवेज १७ एप्रिल २०१९ रोजी बंद पडली, तेव्हाही तीच कथा. या मुंबई शहरातील कितीतरी घरांनी तो उन्हाळा कर्जाचे हप्ते मोजीत काढला. एअर इंडिया व इंडियन एअरलाइन्स यांचे २००७ मध्ये लग्न लावून देण्यात आले, पण दोन्हीकडच्या वैमानिकांचे वेतन व बढत्या एका पातळीवर कशा आणाव्यात याचा विचार लग्नानंतर सुरू झाला. त्यातून २०११ चा संप आणि २०१२ चा तब्बल ५८ दिवसांचा संप उद्भवला. ज्याने हे सारे पाहिले, त्याला परदेशी कंपनीचे पत्र आले असता तो दोनदा विचार करील, पण तिसऱ्यांदा करणार नाही.

वैमानिक म्हणजे गलेलठ्ठ पगाराचा, तारांकित हॉटेलांत उतरणारा सुखवस्तू प्राणी, अशी आमच्या मध्यमवर्गाची कल्पना असते. कप्तानाच्या बाबतीत ती काही अंशी खरी आहे. परंतु व्यावसायिक परवान्यासाठी लागणारे दोनशे तासांचे उड्डाण आणि त्यानंतर विशिष्ट जातीचे विमान चालविण्याचे शिक्षण, या साऱ्याचा खर्च अर्ध्या कोटीच्या पलीकडे जातो. आमच्याकडे हा खर्च बहुधा बापाच्या घरावर काढलेल्या कर्जातून होतो. परवाना मिळाल्यावर नोकरी मिळेलच असे नाही. परवाना असून घरी बसलेले तरुण एका बाजूला, आणि कप्तानांचा तुटवडा दुसऱ्या बाजूला, असा हा विचित्र देखावा आहे. येत्या पंधरा-वीस वर्षांत देशाला तीस हजार वैमानिक लागतील असे नागरी विमान वाहतूक मंत्री सांगतात. एअर इंडियाने २०२३ मध्ये ४७० विमानांची मागणी नोंदविली, इंडिगोने त्याच वर्षी ५०० विमानांची. विमाने मागविता येतात, कारखाना ती बनवून देतो. कप्तान मात्र मागविता येत नाही. किमान दीड हजार तास उड्डाण केल्याखेरीज त्याला वरचा परवाना मिळत नाही, आणि तो मिळाल्यावरही डाव्या आसनावर बसण्यापूर्वी बरेच शिकायचे उरते.

येथे वेतनाच्या पद्धतीविषयी थोडे सविस्तर लिहिणे भाग आहे, कारण आमच्या मते सगळी मेख तेथेच आहे. वैमानिकाच्या मिळकतीचा मोठा हिस्सा उड्डाण-भत्त्याचा असतो, आणि तो तासावर मोजला जातो. विमान उडो वा न उडो, महिन्याला ठराविक तासांचा भत्ता मिळेल अशी कंपनी हमी देते. त्यापुढचे तास प्रत्यक्ष उडाल्यास मिळतात. विस्तारा कंपनीत ही हमी सत्तर तासांची होती. एअर इंडियात विलीन होण्यापूर्वी, २०२४ च्या आरंभी, तेथील वैमानिकांपुढे नवी पद्धती ठेवण्यात आली, आणि तिच्यात हमी चाळीस तासांवर आणली गेली. वैमानिकांत असंतोष माजला. मार्चअखेर व एप्रिलच्या आरंभी पुष्कळजण एकाएकी आजारी पडले, फेऱ्या रद्द झाल्या, आणि कंपनीला आपले वेळापत्रक दहा टक्क्यांनी आखूड करावे लागले. वर्तमानपत्रांतून तेव्हा बरीच चर्चा झाली, पण ती उतारूंच्या हालांची. ज्या तीस तासांवरून हे घडले, त्यांचा अर्थ फारसा कोणी उलगडून सांगितला नाही.

अर्थ असा की, चाळीस तासांच्या हमीवर ज्याचे घर चालत नाही, त्याला सत्तर-ऐंशी तास उडणे भाग पडते. तो आजारी पडला तर त्याचे पैसे जातात. त्याने रजा घेतली तर पैसे जातात. रात्रीच्या उड्डाणानंतर डोळे मिटू लागले असता "मला आज विमान चालविणे जमणार नाही" असे त्याने प्रामाणिकपणे सांगितले, तरी पैसे जातात. कायद्याने त्याला तसे सांगण्याचा अधिकार आहे, नव्हे, ते त्याचे कर्तव्य आहे. पण वेतनाची घडणच अशी की, कर्तव्य करणाऱ्याला दंड पडावा. गिरणीत तागे मोजून मजुरी दिली तर फार तर तागा बिघडतो. येथे दीडशे-दोनशे माणसे पाठीमागे बसलेली असतात.

आता सरकारने या व्यवहारात काय केले ते पाहू. ऑगस्ट २०१७ मध्ये नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाने असा नियम केला की, कप्तानाने नोकरी सोडण्यापूर्वी बारा महिन्यांची आणि सहवैमानिकाने सहा महिन्यांची पूर्वसूचना दिली पाहिजे. वैमानिकांच्या संघटना त्याविरुद्ध न्यायालयात गेल्या. नियमामागील हेतू आम्ही समजू शकतो. २०२३ मध्ये आकासा कंपनीचे ४३ वैमानिक मुदत न पाळता निघून गेले, तेव्हा उतारूंना त्याची झळ पोचली, आणि कंपनीला मुंबई उच्च न्यायालयाचे दार ठोठवावे लागले. करार मोडणाऱ्याची बाजू आम्ही घेणार नाही. कंपनीने शिक्षणावर खर्च केला असेल तर तो तिने जरूर वसूल करावा. पण हा दोघांमधला करार आहे, आणि तो मोडल्यास दिवाणी न्यायालये आहेत. ज्या देशात हमीचे तास सत्तरांवरून चाळीसांवर आणताना कंपनीला वर्षभराची पूर्वसूचना देण्याचे बंधन कोणी घातले नाही, त्या देशात नोकराच्या पायात मात्र राजपत्रातील बेडी घालावी, हा न्याय आम्हाला तरी उमगत नाही. शिवाय बेडीने हेतूही साधत नाही. ज्याला जायचे आहे तो बारा महिने आधी पत्र देतो व जातो, आणि ते बारा महिने तो कंपनीत शरीराने असतो, मनाने नसतो.

याच्या उलट जेथे सरकारने कठोर व्हायला हवे होते, तेथे काय झाले? कामाच्या व विश्रांतीच्या तासांचे सुधारलेले नियम महासंचालनालयाने जानेवारी २०२४ मध्ये जाहीर केले. साप्ताहिक विश्रांती ३६ तासांवरून ४८ तासांवर आली, 'रात्र' पहाटे पाचऐवजी सहापर्यंत धरली गेली, आणि रात्रीच्या वेळी उतरण्याची मर्यादा सहांवरून दोनांवर आणली गेली. नियम उत्तम होते. कंपन्यांनी कुरकुर केली, अंमल लांबला, प्रकरण दिल्ली उच्च न्यायालयात गेले, आणि अखेर १ जुलै व १ नोव्हेंबर २०२५ असे दोन टप्पे ठरले. म्हणजे तयारीसाठी जवळजवळ दोन वर्षे मिळाली. तरीही डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात देशातील सर्वांत मोठ्या कंपनीचे वेळापत्रक कोलमडले. ५ डिसेंबर रोजी इंडिगोच्या एका दिवसात हजाराहून अधिक फेऱ्या रद्द झाल्या. मुंबईच्या विमानतळावर सामानाचे डोंगर आणि लग्नाला निघालेली, परीक्षेला निघालेली, मयताला निघालेली माणसे जमिनीवर बसलेली, हे दृश्य वाचकांच्या स्मरणात ताजे असेल.

सरकारने काय केले? त्याच दिवशी नियम सैल केले. रात्रीच्या उड्डाणांसंबंधीच्या कलमांतून त्या कंपनीला १० फेब्रुवारी २०२६ पर्यंत सवलत मिळाली, आणि साप्ताहिक विश्रांतीच्या जागी रजा धरू नये ही अट तर सर्वच कंपन्यांपुरती मागे घेण्यात आली. तिकिटांच्या दरांवर दुसऱ्याच दिवशी मर्यादा घातली गेली, ते योग्यच झाले. पण दोष कंपनीच्या नियोजनाचा आणि कापली गेली वैमानिकाची झोप. आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी, तो हा प्रकार. आम्ही उतारूंचे हाल लहान लेखीत नाही. तरीही अडकून पडलेला उतारू संतापून का होईना, घरी पोचतो, हा फरक सरकारच्या ध्यानी यायला हवा होता.

२२ मे २०१० च्या पहाटे दुबईहून आलेले एअर इंडिया एक्स्प्रेसचे विमान मंगळूरच्या धावपट्टीपलीकडच्या दरीत कोसळून १५८ माणसे मृत्यू पावली. विमानातील कप्तान वाटेत दीड तासाहून अधिक काळ झोपला होता, आणि चुकलेला उतार सोडून पुन्हा वर जाण्याची सूचना सहवैमानिकाने करूनही त्याने विमान उतरविण्याचा प्रयत्न तसाच चालू ठेवला, असे चौकशी न्यायालयाला आढळून आले. कप्तान परदेशी होता, पण तो मुद्दा नाही. रात्र देशी-परदेशी पाहत नाही. अमेरिकेत फेब्रुवारी २००९ मध्ये बफेलोजवळ कोल्गन कंपनीचे छोटे विमान कोसळून ५० जण गेले, तेव्हा त्यातील सहवैमानिक तुटपुंज्या वेतनावर काम करीत होती व कामावर येण्यासाठी आदली रात्र विमानांतून प्रवास करीत आली होती, हे उघडकीस आले. त्या देशाने त्यावरून कायदा बदलला. वैमानिकांचा अनुभव व विश्रांती यांचे नियम कडक झाले, तेव्हा कंपन्यांनी आकांत केला की वैमानिक मिळणार नाहीत. पुढे वैमानिक दुर्मीळ झाले हे खरे, आणि २०२३ मध्ये डेल्टा कंपनीने चार वर्षांत मिळून ३४ टक्के वेतनवाढ मान्य केली. कंपनी बुडाली नाही.

माँट्रियलच्या गाऱ्हाण्याकडे पुन्हा वळू. ज्या वेळी आमच्याकडे विमान कंपन्यांचे पेव फुटले होते, त्या काळात याच देशातील कंपन्यांनी शेकडो परदेशी कप्तान देशी कप्तानांहून चढ्या मोबदल्यावर आणून बसविले होते. ते कोणत्या तरी देशातून, कोणत्या तरी कंपनीला रामराम ठोकूनच आले होते. तेव्हा आचारसंहितेची आठवण कोणाला झाली नाही. अगदी अलीकडे, २०२३ पासून, तुर्की कंपनीची मोठी विमाने तिच्या वैमानिकांसकट भाड्याने घेऊन आमच्याच एका कंपनीने ती दिल्ली-मुंबईहून इस्तंबूलला चालविली, आणि सरकारने त्याला परवानगी दिली. आपला तो बाब्या आणि लोकांचे ते कार्टे, ही नीती आंतरराष्ट्रीय व्यासपीठावर कोणी मनावर घेईल, असे आम्हाला वाटत नाही.

वेतन वाढविले, विश्रांती दिली, तर तिकीट महागेल, असा आक्षेप येईल. थोडे महागेल. परंतु विमानाच्या खर्चात इंधनाचा वाटा सर्वांत मोठा असतो, आणि इंधनावर राज्याराज्यांचा कर किती चढतो याकडे पाहिले असता, वैमानिकाच्या झोपेतून बचत करण्याची निकड सरकारला का भासावी, ते कळत नाही. वैमानिकाला किती पैसे द्यावेत हे सरकारने ठरवू नये, असेच आमचे मत आहे. तो कंपनी व वैमानिक यांच्यातील सौदा आहे; त्यात एका बाजूला बारा महिन्यांच्या बेडीने बांधून ठेवण्याचे सरकारला कारण नाही. मात्र हमीच्या तासांची एक किमान मर्यादा ही वेतनाची बाब नसून सुरक्षिततेची आहे असे समजून महासंचालनालयाने ती घालून द्यावी, आणि थकव्यामुळे उड्डाण नाकारणाऱ्याचा त्या दिवसाचा भत्ता कापता येणार नाही असा नियम करावा. विश्रांतीच्या नियमांतून कोणत्याही कंपनीला, ती कितीही मोठी असो, सवलत देण्याचा अधिकार महासंचालनालयाने आपल्याकडे ठेवूच नये. परकीय कंपन्यांना आणखी आसने देण्याची बोलणी जेव्हा निघतील, तेव्हा त्या मेजावर वैमानिकांची बाजू मांडणारा कोणीतरी बसलेला असावा.

२०२४ च्या नियमांनुसार प्रत्येक कंपनीने दर तिमाहीस आपल्या वैमानिकांच्या थकव्यासंबंधीच्या तक्रारींचा व त्यांवर केलेल्या कारवाईचा अहवाल महासंचालनालयाला द्यावयाचा आहे. किती वैमानिकांनी थकव्याचे कारण सांगितले, कितीजणांचे म्हणणे मान्य झाले आणि कितीजणांना त्यापायी भत्ता गमवावा लागला, हे कंपनीवार आकडे सरकारने संसदेपुढे ठेवावेत. डिसेंबर २०२५ ते फेब्रुवारी २०२६ या सवलतीच्या दिवसांचे आकडे त्यांत निराळे दाखवावेत.